त्या नऊ दिवसांची फाईल

प्रश्न : पुण्यात नोकरी करणाऱ्या, सांगली जिल्ह्यात माहेर असलेल्या एका ताईंचं हे पत्र आहे. वडील, म्हणजे अण्णा, ६७ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आई एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली आणि तेव्हापासून अण्णा मोबाईलमध्ये गुंतत गेले. माणूस चंद्रावर कधी उतरलाच नाही, कोरोना हा लस खपवण्यासाठी कंपन्यांनी केलेला बनाव होता, रुग्णालयांनी माणसं मारून त्यांच्या किडन्या काढल्या, लसीत मूलबाळ न होण्याचं औषध घालतात, असं सगळं ते घरच्या ग्रुपवर टाकत असतात. ताई दर वेळी ते खोडून काढणाऱ्या लिंका पाठवतात. दिवाळीत पंगतीतच वाद झाला. ताईंनी पाहुण्यांसमोर मोबाईलवरून खुलासा वाचून दाखवला आणि अण्णा ताटावरून उठले. तीन आठवडे बोलणं बंद आहे. आता भावाचं बाळ नऊ महिन्यांचं होतंय, त्याला गोवर-रुबेलाची लस द्यायची आहे आणि 'माझ्या नातवाला कुणी टोचायचं नाही' असं अण्णांनी बजावलं आहे. भाऊ गप्प आहे, वहिनी घाबरली आहे. ताई विचारतात, "इतका हुशार माणूस असल्या गोष्टी खऱ्या कशा मानतो? त्यांना पटवायचं कसं, की नादच सोडून द्यायचा?"

ताई,

आधी बाळाचं बोलू, कारण त्याला थांबायला वेळ नाही. अण्णांना पटवणं आणि बाळाला लस देणं या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठीत बांधल्या आहेत. ती गाठ आधी सोडा. पहिल्या कामाला वर्ष लागलं तरी चालेल, दुसऱ्याला नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांच्या आत द्यायचा असतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. गोवराइतका झपाट्याने पसरणारा आजार क्वचितच असेल. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, शिवाय भिवंडी आणि मालेगावात साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं फार होती. आणि रुबेलाचं म्हणाल, तर तो गरोदर बाईला झाला की पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर घाला घालतो. म्हणजे 'मूल होऊ नये म्हणून लस' ही अफवा नेमकी उलटी आहे. ही लस पुढच्या पिढीतल्या न जन्मलेल्या बाळांसाठीही असते.

हे अण्णांना सांगायला जाऊ नका. वहिनीला फोन करा, आणि माहिती द्यायच्या आधी तिला कशाची भीती वाटते ते विचारा. कदाचित ती लसीला जितकी भ्यायली आहे त्याहून जास्त सासऱ्यांच्या बोलण्याला भ्यायली असेल. बाळाला ताप आला तर उभा जन्म ऐकून घ्यावं लागेल, ही भीती खोटी नाही. म्हणून तिला आणि भावाला आधीच सांगून ठेवा की या लसीनंतर आठवडा-दहा दिवसांनी हलका ताप किंवा पुरळ येऊ शकतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. आधी माहीत असलं की त्या तापाचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटत नाही. तुमच्या गावच्या आशाताईंना घरी बोलवा, त्यांना हे रोजचं आहे.

आणि लस चोरून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. अण्णा शेतावर गेले की पटकन उरकून घेऊ, असा विचार तुम्ही पत्रात लिहिलाय. कधी ना कधी त्यांना कळेलच, आणि 'माझ्यापासून लपवून काहीतरी चाललंय' हा त्यांचा संशय तुमच्याच घरात खरा ठरेल. त्यापेक्षा भावाने समोर बसून सांगावं, "अण्णा, उद्या बाळाला लसीला नेतोय. तुमची भीती मी ऐकली. निर्णय आम्हा दोघांचा आहे. तुम्ही बरोबर आलात तर मला आधार वाटेल." अण्णा येणार नाहीत कदाचित. पण हे वाक्य ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहील. बोलायचं भावाने, तुम्ही नाही. ही जबाबदारी त्याने आजवर तुमच्यावर ढकलली आहे आणि तुम्हीही ती मुकाट घेतली आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. 'इतका हुशार माणूस' असं तुम्ही लिहिता, म्हणजे तुम्ही असं धरून चालला आहात की असल्या गोष्टी मूर्ख किंवा अडाणी माणसं मानतात आणि शहाणी मानत नाहीत. मला हे पटत नाही. मी तुम्हाला उलट विचारते, माणूस चंद्रावर उतरला हे तुम्ही कशावरून मानता? तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं, सरांनी सांगितलं, वर्तमानपत्रात आलं. तुम्ही स्वतः काही तपासलेलं नाही, मीही नाही. पुरावे भक्कम आहेत, यात शंका नाही. अपोलोच्या मोहिमांनी ३८२ किलो दगड-माती आणली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती तपासली. तिथे ठेवलेल्या आरशांवरून परावर्तित होणारा लेसरचा किरण शास्त्रज्ञ आजही मोजतात. सोव्हिएत रशिया त्या शर्यतीत उतरलेला होता, खोटं सापडलं असतं तर सगळ्यांत आधी त्यानेच बोंब ठोकली असती. पण हे सगळं आपल्याला नंतर कळलं. विश्वास आधी बसला होता, कारण सांगणारी माणसं आपल्याला आपली वाटत होती. अण्णांच्या बाबतीतही तेच घडलं आहे. फक्त त्यांना आपली वाटणारी माणसं बदलली आहेत. ती का बदलली, हे शोधायला हवं.

तुमचं तीन पानी पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या जाण्याबद्दल त्यात दोनच वाक्यं आहेत. एक वर थोडक्यात आलंच आहे. दुसरं शेवटच्या पानावर तुम्ही कंसात लिहिलंय, की नऊ दिवस ती तालुक्यातल्या एका खासगी रुग्णालयात होती, अण्णा स्वतः पॉझिटिव्ह म्हणून घरात कोंडलेले होते, आणि शेवटी 'बांधूनच नेलं, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही'.

चाळीस वर्षांच्या संसारानंतर ज्या माणसाला बायकोचं तोंड दाखवलं नाही, त्याला कुणीतरी येऊन सांगतं की त्या पिशवीत काहीतरी लपवलेलं होतं. तो हे का मानणार नाही?

ही अफवा कोरोनातली नाही, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर रुग्णांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. नातेवाइकांना आत काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि गेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता. शहरात बोलवा उठली की आत माणसाला मारून त्याच्या शरीरातलं तेल काढतात. ऑक्टोबरच्या अखेरीस शेकडो गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घराघरांत घुसवले, माजघर-देवघर पाहिलं नाही, धडधाकट माणसांनाही उचलून छावणीत डांबलं. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री काय झाला, ते आपण शाळेत शिकलोय.

तेव्हा तेल होतं, आता किडन्या आहेत. मधल्या सव्वाशे वर्षांत शास्त्र कुठच्या कुठे गेलं, पण प्रसंग तोच राहिला. आपलं माणूस बंद दाराआड जातं, आत काय झालं ते कुणी धड सांगत नाही, आणि बाहेर उभा असलेला माणूस ती पोकळी हाताला येईल त्याने भरतो. अज्ञान त्यात असतंच, पण मला तरी आधी दिसतं ते न सांगितलं जाणं.

त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात चालत गेल्या. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मी हे वाचते तेव्हा दर वेळी मनात येतं, की त्या मुलाच्या घरच्यांना दवाखान्यात तेल काढतात असं सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते? पाठीवर कुणी नेलं हे त्यांनी बघितलं होतं.

दुसरी एक गोष्ट तुम्हाला मान्य करायला जड जाईल. अण्णांचा संशय सगळाच निराधार नाही. २०२१ च्या त्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरसाठी माणसं रात्र-रात्र रांगेत उभी होती, काळ्या बाजारात वाट्टेल ते पैसे मोजत होती. आणि त्या औषधाची शिफारस करत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं. तुमच्या भावानेही सहा इंजेक्शनं दागिने मोडून आणली, असं तुम्हीच लिहिलंय. नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले, ती तारीख २१ एप्रिल होती. खासगी रुग्णालयांची बिलं तपासायला सरकारला लेखापरीक्षक नेमावे लागले. म्हणजे कुणीतरी आपल्याला लुटलं, कुणीतरी हलगर्जी केली, ही अण्णांच्या मनातली ठसठस खरी आहे. त्या खऱ्या ठसठशीवर कुणीतरी खोट्या गोष्टीची पट्टी बांधली. तुम्ही दर वेळी पट्टी ओरबाडायला जाता आणि हात जखमेला लागतो.

लस आणि मूलबाळ हा संबंध तरी कुठून आला? १९७६ साली अण्णा अठरा वर्षांचे असतील. आणीबाणी होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या किती राजीखुशीने झाल्या हे सांगायला नको. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर मंजूरसुद्धा केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना माणसं आणायचे कोटे दिले होते. सरकारी गाडी दिसली की माणसं उसात लपून बसत, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. अण्णांना विचारा ना, "तेव्हा आपल्या गावात काय झालं होतं?" वाद घालायला नव्हे, खरोखर ऐकायला. सरकार सुई घेऊन दारात आलं की पोटात गोळा का येतो, ते त्यांच्या तोंडून ऐका.

अमेरिकेतही हे घडलंय. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने शेकडो गरीब काळ्या माणसांचा उपदंश मुद्दाम उपचाराविना ठेवला, रोग कसा वाढतो ते बघायला. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही त्यांना दिलं नाही. आणि २०११ मध्ये लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचरांनी पाकिस्तानात ॲबटाबादला खोटी लसीकरण मोहीम चालवली. त्यानंतर तिथे पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायाबापड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा 'असलं कधी होतच नाही' असं अण्णांना सांगू नका. होतं. तुम्ही ते नाकारलंत की पुढचं तुमचं खरं बोलणंही ते ऐकणार नाहीत.

मग खरा कट आणि भाकडकथा यात फरक काय करायचा? मला तो असा दिसतो. टस्कीगीचं प्रकरण खात्यातल्याच एका माणसाला सहन झालं नाही, त्याने ते पत्रकारापर्यंत पोचवलं, १९७२ मध्ये बातमी छापून आली, कागद निघाले, तारखा निघाल्या, माणसांची नावं निघाली. खऱ्या कटात थोडी माणसं असतात, त्यांना काहीतरी ठरावीक साधायचं असतं, आणि कुठेतरी कागद राहतोच. भाकडकथेत कट वाढतच जातो. पुरावा नाही? तो दाबला. डॉक्टर नाही म्हणतात? तेही विकले गेले. स्वतःचीच मुलगी नाही म्हणते? तिच्या डोक्यात शहराने भरवलं. ज्या गोष्टीला जगातला कुठलाच पुरावा खोटं ठरवू शकत नाही, ती गोष्ट तपासाची राहिलेली नसते.

हे मला कुणी भाषण देऊन शिकवलं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्यातल्या एका रांगेत मी स्टीलची वाटी घेऊन दोन तास उभी होते. माझ्या चमच्यातलं दूध गेलं. मी डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, 'शिकून काय उपयोग' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "चमचा कसा धरला होतास?" मग वाटीभर दुधात चिमूटभर कुंकू कालवलं, देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाटावर ठेवला आणि म्हणाले, "आता पाज." दूध सोंडेला लागलं, चमचा रिकामा होत गेला, आणि सोंडेवरून, पोटावरून, पायाशी एक गुलाबी ओघळ उतरला. पांढरं दूध ओल्या मूर्तीवर दिसत नव्हतं, एवढंच. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवलं, हे नंतर वाचलं. पण माझ्यापुरता प्रश्न काकांच्या पाटावर सुटला होता. मी जे पाहिलं ते खोटं आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आपण पुन्हा बघू, एवढंच म्हणाले.

तुम्ही मात्र पंगतीत वाचून दाखवलंत. तुमचा राग मला कळतो, आई तुमचीही होती. पण चारचौघांत खोटा पडलेला माणूस मत बदलत नाही, जागा बदलतो. तो उठून तिकडे जातो जिथे त्याला खरं म्हणतात. तुम्ही विचारता तसा नाद सोडून दिलात तर तो तिकडेच राहील. अण्णांच्या आयुष्यात आज रोज सकाळी 'नमस्कार अण्णा' म्हणणारी माणसं कोण आहेत, हे एकदा बघा. मला भीती वाटते की ती सगळी त्या फॉरवर्डवाल्या ग्रुपमधलीच असतील.

माणसाच्या हातून सगळं निसटलंय असं त्याला वाटू लागलं की त्याला नसलेले आकार दिसू लागतात. हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. २००८ मध्ये 'सायन्स' मासिकात असा अभ्यास आला होता, ज्यांना स्वतःच्या हतबलतेचे प्रसंग आठवायला लावले त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही चित्रं दिसली. त्याच मासिकात २०२४ मध्ये आलेला दुसरा अभ्यास मला तुमच्यासाठी जास्त कामाचा वाटतो. दोन हजारांहून जास्त अमेरिकन लोकांना, त्यांचा ज्या कटावर विश्वास होता त्याबद्दल एका एआय चॅटबॉटशी बोलायला लावलं. ज्याचा जो मुद्दा, त्यालाच नेमकं उत्तर, तेही शांतपणे. लोकांचा त्या गोष्टीवरचा विश्वास सरासरी पाचव्या हिश्श्याने उतरला आणि दोन महिन्यांनीही तो परत चढला नव्हता. म्हणजे पुराव्याचा उपयोग होत नाही असं नाही. पण तो त्या माणसाच्या स्वतःच्या प्रश्नाला लागू पडावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या लिंका दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

चंद्राचा वाद आजपासून बंद करा. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. कधी गप्पांत विषय निघालाच तर आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ जिथे उतरलं ती जागा टिपली आहे, एवढं सांगून पुढे चला. इस्रोवर अण्णांचा राग नसावा. ग्रुपवर उलट लिंक टाकणंही बंद करा. एकाच जातीच्या फॉरवर्डवर मात्र गप्प बसू नका, आणि तो म्हणजे कुणावर तरी बोट दाखवणारा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी होते ते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ मूळचा कराचीतला होता, मुलांना जपा असं सांगणारा. मोटारसायकलवाले मूल परत आणून देतात तो शेवट कापून तो पुढे पाठवला गेला. असलं काही अण्णांकडून आलं तर ग्रुपवर काही लिहू नका, सरळ फोन लावा. "अण्णा, हा माणूस कोण, गाव कोणतं, तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर काढून टाका, कुणाचा तरी जीव जाईल." हे त्यांना कळेल. वर्कशॉपमध्ये ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडणारा माणूस नव्हता तो.

मेकॅनिक असण्याचा धागा तुम्ही सोडूच नका. गाडी का बंद पडली याचं कारण ड्रायव्हर एक सांगतो, कंडक्टर दुसरं, आणि अण्णा दोघांचं ऐकून घेऊन इंजिन खोलतात. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांना विचारा, "या बातमीचं इंजिन कोणी खोलून बघितलंय का? खोटी असती तर आपल्याला कशावरून कळलं असतं?" आणि हाच प्रश्न तुमच्या लिंकांनाही लावू द्या त्यांना. तो लावला की तुमचीही एखादी लिंक पडेल. पडू द्या.

आणि आता फाईल.

तुम्ही लिहिलंय की आईच्या रुग्णालयातले कागद अण्णांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या ट्रंकेत ठेवले आहेत आणि कुणाला हात लावू देत नाहीत. तुम्हाला तो त्यांच्या वेडाचा भाग वाटतो. मला तो त्यांच्या शहाणपणाचा वाटतो. या माणसाने चार वर्षं कागद जपून ठेवलाय, कारण त्याला अजून कुणीतरी तो वाचून दाखवेल अशी आशा आहे. नऊ दिवसांत तिला रोज किती ऑक्सिजन लागला, कोणत्या दिवशी खालावली, कोणती इंजेक्शनं दिली, रात्री कुणी बघितलं, शेवटी काय झालं. हे तुम्हालाही माहीत नाही ना, ताई? तुम्हीही कधी ती फाईल उघडलेली नाही.

गावात तुमच्या घरी पूर्वीपासून येणारे निवृत्त डॉक्टर आहेत, असं तुम्ही लिहिलंय. अण्णांचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांना आधी एकट्या भेटा आणि काय हवंय ते सांगा. लसीबद्दल एक शब्द नको, समजावणं नको, फक्त केसपेपर पानापानाने वाचून सांगायचा. जिथे उपचार योग्य होता तिथे योग्य म्हणावं, जिथे चूक किंवा उशीर दिसतो तिथे तसं म्हणावं, जिथे कागदावरून कळत नाही तिथे कळत नाही म्हणावं. हे शेवटचं फार गरजेचं आहे. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले तेव्हा सगळा दोष हाफकिनवर आला, ज्या माणसाने मुंबईत ती लस तयार करून पहिली सुई स्वतःला टोचून घेतली होती. पाच वर्षांनी ठरलं की लस नासकी नव्हती, ती एक बाटली त्या गावात उघडताना दूषित झाली होती. चूक झालीच होती, माणसं गेलीच होती. पण कुठे आणि कशी, हे एका बाटलीपर्यंत जाऊन बघितल्यावरच कळलं. अण्णांनाही 'सगळं ठीक होतं' हे ऐकायचं नाहीये. त्यांना ती बाटली बघायची आहे.

कागदात गंभीर हयगय दिसली तर पुढे कुठे दाद मागायची ते डॉक्टर आणि एखादा वकील सांगतील, आणि तेव्हा अण्णांच्या बाजूने उभं राहायची तयारी ठेवा. काहीच दिसलं नाही, तरी अण्णा दुसऱ्या दिवशी बदलतील असं समजू नका. ग्रुपवर पुन्हा काहीतरी येईल. त्या दिवशी उत्तर देऊ नका, संध्याकाळी फोन करून जेवलात का विचारा.

तीन आठवड्यांचा अबोला तुम्हीच मोडा. पंगतीतल्या प्रसंगाबद्दल माफी मागा, मताबद्दल नको. "अण्णा, सगळ्यांसमोर मी तसं करायला नको होतं" एवढंच. मग या रविवारी माहेरी जा. लिंका, आकडे, मी वर सांगितलेलं टस्कीगी-बिस्कीगी काही बरोबर नेऊ नका. दुपारी जेवणं झाली, भाऊ-वहिनी बाळाला घेऊन आत गेली, की त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "अण्णा, ट्रंकेतली आईची फाईल काढा. मला पण बघायचीय."